अतिशीत यंत्र आणि काचेची तार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे तो वाचून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. मी या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. माझी पदवी बी.ए., बी.एड. विज्ञानाचे पुस्तक मी दहावीनंतर मिटले ते मिटलेच. अशा माणसाने अतिशय थंड तापमानात चालणाऱ्या यंत्रांविषयी बोलावे हा आगाऊपणाच आहे. पण या विषयाचे माझ्यावर एक जुने देणे आहे, ते आज आपणां सर्वांसमक्ष फेडावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून प्रथम त्या देण्याची हकीकत सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञानाचे सर रजेवर होते आणि नववीच्या वर्गावर बदली तासाला मी गेलो होतो. मुले शांत बसावीत एवढीच माझी अपेक्षा. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन पुढे आला. त्यावर एका यंत्राचे चित्र होते. सोनेरी चकत्या एकाखाली एक टांगलेल्या आणि त्यांतून शेकडो तारा खाली आलेल्या, अगदी लग्नाच्या हॉलमधल्या झुंबरासारखे. तो म्हणाला, "सर, हा म्हणे नव्या तऱ्हेचा कॉम्प्युटर आहे. मग याला एवढ्या तारा कशाला? आमच्या घरी केबलवाल्याने काचेची एकच तार आणली. तिच्यातून टीव्ही, फोन, इंटरनेट सगळे येते. यालाही तशी एकच तार का नाही लावत?"

मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे सरळ म्हणालो असतो तर काही बिघडले नसते. पण मी म्हणालो, "हे परीक्षेला आहे का? जा, जागेवर बस." वर्ग हसला. मुलगा कात्रणाची घडी करून खाली बसला. त्यानंतर त्याने मला कधी काही विचारले नाही. दहावी झाल्यावर त्याचे शिक्षण थांबले.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कार्यालयातले इंटरनेट बंद पडले. झाडाची फांदी पडून तार तुटली होती. दुरुस्तीला दोघे जण आले. त्यांत हा मुलगा होता. मामूंच्या हाताखाली तो फायबर जोडण्याचे काम करतो. व्हरांड्यात बसून त्याने तारेचे वरचे आवरण सोलले, आतला केसासारखा काचेचा धागा स्पिरिटने पुसला, छोट्या कटरने त्याचे टोक अगदी सरळ कापले आणि दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर ठेवली. एक विजेची ठिणगी पडली आणि काच वितळून काचेला जोडली गेली. मी पाहत उभा होतो. काम आवरता आवरता तो हसून म्हणाला, "सर, मी नववीत याच तारेबद्दल विचारले होते. तुम्हाला आठवत नसेल."

मला आठवत होते. त्या रात्री मी शोधाशोध सुरू केली, आणि जे सापडले त्याने मी ओशाळलो. त्या मुलाने विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता. जगातल्या चांगल्या प्रयोगशाळा नेमक्या त्याच प्रश्नावर काम करीत होत्या. विज्ञानाच्या सरांकडून शंका समजावून घेत, हळूहळू वाचत, मला जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मित्रांनो, आधी थंडीची गोष्ट करू. पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते हे आपण जाणतो. पण थंडीला त्याहून खाली पुष्कळ जागा आहे. हवेतला नायट्रोजन उणे १९६ अंशांना द्रव होतो. हेलियम वायू उणे २६९ अंशांना द्रव होतो. आणि उणे २७३.१५ अंश ही थंडीची शेवटची पायरी, तिच्याखाली तापमानच नाही. या पायरीला शून्य धरून जी मोजपट्टी केली तिला केल्विनची मोजपट्टी म्हणतात. आपली ही खोली साधारण ३०० केल्विन, द्रव हेलियम ४.२ केल्विन.

हेलियमचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी सूर्याभोवतीच्या ज्वालांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्याच वर्षी इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर यांनीही त्या प्रकाशाचा अभ्यास केला, आणि त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून सूर्यावर एक नवे मूलद्रव्य असले पाहिजे असा निष्कर्ष निघाला. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्झी यांना सापडले. आपल्या कोकणात हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे सांगतात. खरी गोष्ट अशी की लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम सापडून गेला होता. इतिहासाचा शिक्षक असल्याने ही दुरुस्ती केल्यावाचून मला राहवत नाही.

हा हेलियम द्रवरूप करण्याचे काम हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी साधले. मग एवढ्या थंडीत धातूंचे काय होते हे ते तपासू लागले. ८ एप्रिल १९११ रोजी त्यांना दिसले की ४.२ केल्विनच्या आसपास पाऱ्याचा विजेला होणारा रोध एकाएकी नाहीसा होतो. कमी होत नाही, नाहीसाच होतो. एरवी तारेतून वीज जाताना, भरलेल्या एस.टी. स्टँडवरून वाट काढणाऱ्या माणसासारखी ती धक्के खात जाते, आणि त्या धक्क्यांनी तार गरम होते. अतिसंवाहक अवस्थेत असे धक्केच बसत नाहीत. असे का होते याचा उलगडा १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी केला. त्या थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात आणि सगळ्या जोड्या मिळून एकसंधपणे वाहतात. आपल्यापैकी कोणाच्या घरी एम.आर.आय. तपासणी झाली असेल, तर त्या मोठ्या नळीच्या आत बहुधा अशाच अतिसंवाहक तारेचे वेटोळे द्रव हेलियमने थंड केलेले होते. म्हणजे ही विद्या फार दूरची नाही, जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत आलेली आहे.

१९६२ साली केंब्रिजमधल्या ब्रायन जोसेफसन नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गणिताने दाखवले की दोन अतिसंवाहकांच्या मध्ये अगदी पातळ रोधक पापुद्रा ठेवला तरी त्या जोड्या पलीकडे जाऊ शकतात. त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८४-८५ साली अमेरिकेत बर्कली येथे क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांनी असा सांधा असलेल्या विद्युत मंडलावर प्रयोग केले. हातात धरता येईल एवढे हे मंडल, पण त्याची ऊर्जा अणूच्या ऊर्जेसारखी पायऱ्यापायऱ्यांनीच चढते-उतरते असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याच सांध्यांपासून त्या कात्रणातल्या कॉम्प्युटरचे घटक बनतात. त्यांना क्यूबिट म्हणतात. साध्या कॉम्प्युटरचा घटक एका वेळी शून्य किंवा एक असतो. क्यूबिट हा शून्य आणि एक या दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि त्याचा उपयोग करून काही विशिष्ट गणिते फार लवकर सुटतील अशी अपेक्षा आहे. पण क्यूबिट फार नाजूक. त्याची एक पायरी चढायला लागणारी ऊर्जा इतकी अल्प आहे की जराशी उष्णताही त्याला ढकलून देते. म्हणून त्याला १० ते २० मिलिकेल्विनवर, म्हणजे एका केल्विनच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाइतक्या तापमानावर ठेवतात. ताऱ्यांमधले रिकामे अवकाश २.७ केल्विनवर असते. हे यंत्र त्या अवकाशापेक्षाही शंभर पटींहून थंड.

ते सोनेरी झुंबर म्हणजे ही थंडी निर्माण करणारे यंत्र. हेलियमच्या दोन जाती एकमेकींत मिसळताना उष्णता शोषतात, या तत्त्वावर ते चालते. कल्पना १९५१ ची, पहिले यंत्र लायडनमध्येच १९६४ साली झाले. त्यातल्या चकत्या म्हणजे माळ्यांसारखे मजले. वरचा मजला ५० केल्विनच्या आसपासचा, त्याखाली ४ केल्विनचा, आणि असे करत सर्वांत खालच्या मजल्यावर क्यूबिट.

आता तारांकडे येऊ. क्यूबिटला आज्ञा द्यायची ती मायक्रोवेव्ह लहरींच्या छोट्या ठोक्यांनी. या लहरी सेकंदाला साधारण पाचशे कोटी कंपनांच्या असतात. त्या आत न्यायला धातूच्या तारा लागतात, आणि इथेच दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण आपल्या माताभगिनी माझ्यापेक्षा चांगली सांगतील. उकळत्या चहात स्टीलचा चमचा ठेवला की दांडा गरम होतो. जो पदार्थ विजेला वाट देतो तो सहसा उष्णतेलाही वाट देतो. प्रत्येक धातूची तार ही बाहेरची उष्णता आत आणणारा चमचाच आहे. यासाठी उष्णता कमी वाहणारे मिश्रधातू वापरतात, प्रत्येक मजल्यावर तार त्या मजल्याइतकी थंड करून घेतात, तरीही थोडी उष्णता उतरतेच. आणि खालच्या मजल्यावर उष्णता बाहेर काढण्याची यंत्राची ताकद किती? २० मिलिकेल्विनवर दहा ते तीस मायक्रोवॉट. आपल्या घरातला एलईडी दिवा १० वॉटचा असतो. त्याचा पाच लाखावा हिस्सा म्हणजे वीस मायक्रोवॉट. एवढ्यात सगळा संसार भागवायचा.

दुसरी अडचण गोंगाटाची. प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच मायक्रोवेव्ह लहरी फेकत असते. आपल्या खोलीच्या तापमानाला पाचशे कोटी कंपनांच्या लहरीत उष्णतेमुळे सुमारे बाराशे ऊर्जाकण नुसते गोंधळ घालत असतात. क्यूबिटला हलवायला एक कण पुरतो. म्हणजे बाजारातल्या गलबल्यात कुणाच्या कानात कुजबुजायचे तसे. यावर उपाय असा करतात की बाहेरून संदेश खूप जोरात पाठवायचा आणि मजल्यामजल्यावर तो दाबत न्यायचा, म्हणजे त्याच्याबरोबर गोंगाटही दबतो. खाली पोहोचेपर्यंत साधारण दहा लाखांतला एक भाग उरतो. बाकीचा वाटेत उष्णता होऊन जातो, आणि तीही उष्णता यंत्रालाच बाहेर काढावी लागते.

क्यूबिट पाच-पन्नास असतील तोवर हे चालते. २०१९ साली गुगलने ५३ क्यूबिटांचे यंत्र चालवून दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये आय.बी.एम.ने १,१२१ क्यूबिटांची चकती जाहीर केली, आणि तिच्यासाठी एकाच शीतयंत्रात एक मैलाहून अधिक लांबीच्या तारा बसवाव्या लागल्या. परंतु क्यूबिट चुका फार करतात. त्या सुधारत खरोखर उपयोगी गणिते करायची तर लाखो क्यूबिट लागतील असा अंदाज आहे. लाखो तारा त्या झुंबरात मावणार नाहीत, आणि मावल्या तरी त्यांची उष्णता आवरणार नाही. "एवढ्या तारा कशाला?" या प्रश्नाचे हे उत्तर. आणि "एकच का नाही लावत?" याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञ निघाले ते काचेच्या तारेकडेच.

या काचेच्या तारेचीही कथा ऐकण्यासारखी आहे. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी सांगत असत की शाळेत शिक्षकांनी त्यांना प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शिकवले, आणि ते त्यांना पटले नाही. पुढे लंडनला हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. ते काम १९५४ साली प्रसिद्ध झाले. काचेच्या गाभ्यात शिरलेला प्रकाश कडेवर आपटून पुन्हा आत परततो आणि धागा वळेल तसा वळत जातो. पण तेव्हाची काच अशुद्ध होती, थोड्याच अंतरात प्रकाश विझायचा. १९६६ साली चार्ल्स काव यांनी मांडले की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच बनवली. आज उत्तम तारेतून एक किलोमीटर गेल्यावरही शंभरातला पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळाले. कपानी २०२० साली वारले.

थंड यंत्राच्या दृष्टीने या तारेत तीन गुण आहेत. ती काच आहे, धातू नव्हे. उष्णता फारशी वाहत नाही, आणि जाडीला केसाएवढी. एकाच तारेतून निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशावर बसवून पुष्कळ संदेश एकदम नेता येतात. आणि तिसरा गुण सर्वांत मोठा. तिच्यातल्या प्रकाशाची कंपने मायक्रोवेव्हच्या सुमारे चाळीस हजार पट असतात. आपल्या खोलीची ऊब एवढ्या जलद कंपनांचा प्रकाश निर्माणच करू शकत नाही. म्हणून बाहेरचा गोंगाट या वाटेने आत शिरत नाही.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे करून दाखवले. पद्धत सांगायला सोपी आहे. बाहेर उबदार खोलीत लेसरचा प्रकाश घ्यायचा. त्याची तीव्रता मायक्रोवेव्हच्या तालावर कमीजास्त करायची. तो प्रकाश काचेच्या तारेतून थेट तळमजल्यावर सोडायचा. तिथे प्रकाश ओळखणारा एक इवलासा तुकडा ठेवलेला असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की त्याच तालावर विद्युत प्रवाह निघतो, आणि तोच क्यूबिटला मिळणारा मायक्रोवेव्ह संदेश. या वाटेने आज्ञा देऊन आणि विचारणा करून क्यूबिटची अवस्था शंभरात ९८ वेळा बरोबर ओळखता आली. नेहमीच्या धातूच्या तारेनेही तेवढीच येते.

पण विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानात फुकट काही मिळत नाही. तारेतून उष्णता उतरली नाही, तरी जो प्रकाश त्या तुकड्यावर पडला तो स्वतःच शेवटी उष्णता होतो. म्हणजे चमचा काढला आणि मेणबत्ती आत नेली. ती मेणबत्ती अगदी मंद ठेवावी लागते, मायक्रोवॉटांच्या हिशेबात. शिवाय प्रकाशाचा एक कण आणि अतिसंवाहक हे एकमेकांचे वैरी. अतिसंवाहक ॲल्युमिनियममधली इलेक्ट्रॉनची एक जोडी फोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दोन हजार पटींहून अधिक ऊर्जा या प्रकाशाच्या एकेका कणात असते. एखादा कण भरकटून क्यूबिटजवळ गेला तर जोड्या फुटतात आणि क्यूबिट बिघडतो. म्हणून प्रकाश आत आणायचा, पण क्यूबिटला तो दिसू द्यायचा नाही, अशी कसरत असते.

त्याहून अवघड काम उलट दिशेचे. आत आज्ञा गेली; उत्तर बाहेर कसे आणायचे? बोल्डरच्या प्रयोगात उत्तर धातूच्या तारेनेच बाहेर आले होते. क्यूबिटचे उत्तर म्हणजे मोजक्या मायक्रोवेव्ह कणांची कुजबुज. ती मजल्यामजल्यावर मोठी करत आणावी लागते, आणि प्रत्येक वर्धक स्वतः गरम होतो. ती कुजबुज तिथल्या तिथे प्रकाशात बदलता आली तर? पण त्यासाठी कंपने एकदम चाळीस हजार पट वाढवायची.

यासाठी दुभाष्या लागतो, मायक्रोवेव्हची भाषाही जाणणारा आणि प्रकाशाचीही. कुणी लिथियम नायोबेटचा स्फटिक घेतला. त्याला विद्युत क्षेत्र लावले की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. कुणी अतिसूक्ष्म कंप पावणारा पडदा किंवा पट्टी घेतली; मायक्रोवेव्हने ती थरथरते आणि तिची थरथर प्रकाशावर उमटते. २०२० साली अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत क्यूबिटची अवस्था प्रथमच प्रकाशकणांत उतरवली, तरी बहुतेक कण वाटेत गळत होते. २०२२ साली बोल्डरच्याच दुसऱ्या गटाने कंप पावणाऱ्या पडद्याच्या साह्याने क्यूबिटला फारसा धक्का न लावता उत्तर वाचले. आणि २०२५ च्या आरंभी ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या संस्थेने लिथियम नायोबेट वापरून विचारणाही प्रकाशाने आणि उत्तरही प्रकाशाने अशी वाचणी प्रसिद्ध केली.

याचा पुढचा लाभ असा की एक शीतयंत्र दुसऱ्याला जोडता येईल. आज दोन यंत्रांतल्या क्यूबिटांना मायक्रोवेव्हने जोडायचे तर मधली सारी वाट तेवढीच थंड ठेवावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे तशी ३० मीटर लांबीची अतिशीत नळी बांधली आणि २०२३ साली तिच्यावरचे महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. काम थक्क करणारे आहे, पण गावातून गावात अशी नळी कोण नेणार? काचेची तार मात्र रस्त्याकडेच्या चरातून, उन्हापावसातून, आहे त्या तापमानात जाते. दुभाष्या पुरेसा प्रामाणिक झाला, म्हणजे एकही शब्द न गाळता आणि पदरचा न घालता भाषांतर करू लागला, की ही जोडणी शक्य होईल. आज हे काम प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे.

आपल्या देशातही या विद्येची सुरुवात झाली आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी ६,००३ कोटी रुपयांहून अधिक तरतूद केली. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिने संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातील प्रयोगशाळेबरोबर ६ क्यूबिटांचा अतिसंवाहक संगणक-घटक तयार करून ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची चाचणी पुरी केली. कुलाबा काही परदेशात नाही. आपली निम्मी गावे कामधंद्यासाठी मुंबईला जातात.

पालक बंधुभगिनींनो, आता आपल्याशी दोन शब्द. आपण म्हणाल, सर, हे सारे छान. पण आमच्या पोराला त्यातून भाकरी मिळणार आहे का? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे, की ही यंत्रे केवळ मोठ्या पदवीधरांच्या बुद्धीवर उभी राहत नाहीत. त्यात सुई जाईल एवढीही गळती न ठेवता सांधा जोडणारा वेल्डर लागतो. निर्वात पंप दुरुस्त करणारा फिटर लागतो. केसाएवढी काच सरळ कापून जोडणारा हात लागतो. तो हात आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून काम करताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या हाताला पुढचे दोन धडे कोणी शिकवले नाहीत, एवढीच उणीव. आणि तिचा पहिला दोषी मी आहे. म्हणून विनंती करतो, दहावी झाली की मुलाला मामूंच्या किंवा चाचांच्या हाताखाली जरूर पाठवा, काम शिकणे वाईट नाही. पण त्याबरोबर आय.टी.आय.चा, पॉलिटेक्निकचा अर्जही भरा. हात आणि पुस्तक यांची फारकत करू नका. मुलींच्या बाबतीत तर ही विनंती मी हात जोडून करतो. आमच्या वर्गात सर्वांत बारीक प्रश्न मुलीच विचारतात आणि सर्वांत लवकर त्यांचेच दप्तर उतरवले जाते.

सहकारी शिक्षकांना माझ्यासारख्याने काय सांगावे! एवढेच सांगतो की "मला येत नाही, उद्या शोधून सांगतो" हे वाक्य उच्चारायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली. ते उच्चारल्यावर वर्गात माझा मान कमी झाला नाही. या वर्षापासून मी वर्गात एक वही ठेवली आहे. परीक्षेला नसलेले प्रश्न मुलांनी त्यात लिहायचे. शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही ते वाचतो. निम्म्यांची उत्तरे मला आजही येत नाहीत. मग विज्ञानाचे सर, गणिताच्या बाई, कधी गावातले डॉक्टर, कधी वायरमन मदतीला येतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांस एकच सांगणे. तुमच्या प्रश्नावर वर्ग हसला तर खाली बसा, पण कात्रण फेकू नका. त्या मुलाने ते फेकले नव्हते. महिन्यापूर्वी तो माझ्याकडे आला होता, तेव्हा खिशातून तेच घडी पडलेले कात्रण काढून त्याने टेबलावर ठेवले. मी त्याला तासभर, आज तुम्हाला सांगितले तेच, चित्रे काढून सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, जोडणी त्यांनाही नीट जमत नाही अजून. टोके सरळ कापायला हवीत." मला हसू आले, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पॉलिटेक्निकचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला आहे. प्रवेश मिळेल की नाही ते यादी लागल्यावर कळेल. दिवसा काम आणि शिक्षण हे दोन्ही कसे साधायचे, घरी अब्बांची समजूत कशी घालायची, हेही प्रश्न अजून सुटायचे आहेत. आज तो इथे सभागृहात मागच्या रांगेत बसलेला आहे. त्याचे नाव मी घेत नाही. त्याला ते आवडणार नाही. पण त्या दिवशी नववीच्या वर्गात जे उत्तर मी त्याला द्यायला हवे होते, ते आज सर्वांसमक्ष दिले आहे.

 

एक शिक्षक, बी.ए., बी.एड.